डी ड्राइव्हमधल्या सव्वीस बायका

रवि., ४ मे. पिंप्राळा

वै. काल धुळ्याला गेली, माहेरी. मंगळवारी येईल. लॅपटॉप घरीच ठेवून गेलीय, तिकडे काम होत नाही म्हणे.

तो लॅपटॉप म्हणजे बैलगाडी. प्रबंधाची फाइल उघडायला लावायची आणि तोवर चहा करून यायचं. बायकोची कुरकुर चार महिने ऐकतोय. कॉलेजच्या लॅबमधली याहून म्हातारी मशीनं मी लिनक्स टाकून पळवतो, आणि घरात ही कथा. ठरवलं: विंडोज राहू दे, डी ड्राइव्ह लहान करायचा, निघेल त्या जागेत लिनक्स. ती आली की चालू करून दाखवायचं. तिला विचारलं नाही. "प्रबंध जमा होऊ द्या, मग बघा" हेच म्हणाली असती.

सकाळी नऊला पेन ड्राइव्हवरून सुरुवात. डी लहान करायला लावला. अकराला पट्टी निम्म्यावर येऊन थांबली. साडेबारापर्यंत तिथेच. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे आत काम चालू होतं. ते पाहिलं आणि तरी बटण दाबून बंद केला. पोरांना दरवर्षी सांगतो, काम चालू असताना बटणाला हात लावायचा नाही.

परत चालू केल्यावर डी उघडेना. फॉरमॅट करू का, म्हणून विचारतोय. धडकी भरली जरा. पण ई ड्राइव्हमध्ये तिच्या प्रबंधाच्या सगळ्या मुलाखतींची कॉपी आहे, मीच तिला करायला लावली होती. मग डी उडवलाच. त्याच जागी लिनक्स. चार वाजता सगळं तयार. सुसाट पळतंय. एकटाच हसत बसलो होतो.

सोम., ५ मे

ई उघडला. "मुलाखती" नावाचा फोल्डर. सव्वीस नावं, ओळीने. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण. प्रत्येक फाइल एक केबी.

शॉर्टकट. आवाज नाहीच त्यात, डीमधल्या फायलींचे नुसते पत्ते. आणि डी मी काल

दुपारी जेवलो नाही.

मागच्या वर्षी लॅबमधून फोनवर सांगत होतो तिला कॉपी कशी करायची. घाईत होतो. कुठेतरी चुकीच्या ओळीवर क्लिक झालं असणार तिच्याकडून. घरी आल्यावर तिने फोल्डर उघडून दाखवला, "बघा बरं, झालंय का?" मी नावं मोजली. सव्वीस. म्हटलं झकास. बाण दिसला नाही. वीस वर्षं हेच काम करतोय.

आणि झाली असती कॉपी, तरी काय? डी आणि ई एकाच डिस्कवर. ही डिस्क बसली असती तर दोन्ही एकदम गेले असते. "सी मध्ये काही ठेवू नका, डी सुरक्षित" हे आपल्याकडे दुकानदारापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणतात. मीही म्हणतो, पोरांच्या वहीत लिहून देतो.

रेकॉर्डरचं कार्ड? ते रिकामं करून टाक, डी मध्ये आहे ना, हे कोणी सांगितलं तिला? मीच. इंटरनेटवर तिने ठेवलं नव्हतं, कारण त्या बायकांना शब्द दिला होता, तुमचं बोलणं कुठे जाणार नाही.

मंगळ., ६ मे

आली. सांगितलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या तिने.

पिशवी दारातच खाली ठेवली. मग मीच बोललो. म्हणालो, "पण शॉर्टकट तूच केले होतेस." मिनिटभर फार हलकं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी हे वाक्य विसरायचा प्रयत्न करणार.

ती म्हणाली, "हो. मीच केले. तुम्ही बघितले होते ना?"

गुरु., ८ मे

स्टेशन रोडवरच्या डेटा काढून देणाऱ्याकडे डिस्क दिली होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, यावर नंतर काही टाकलं का? लिनक्स, म्हटलं. त्याने मान हलवली. चार फायलींचे तुकडे निघाले. एकात नुसता कुत्रा भुंकतोय.

शनि., १० मे

हिशेब असा. साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवरच्या बायका, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या. वै.ने तीन उन्हाळे जाऊन त्यांचं बोलणं घेतलं. सव्वीसपैकी अठरांचं शब्दन् शब्द लिहून झालंय, ते आणि प्रबंधाची झालेली प्रकरणं मार्गदर्शक सरांकडे मेलमध्ये आहेत. तेवढं वाचलं. आठ राहिल्या होत्या. सर म्हणाले, ज्याचं रेकॉर्डिंगही नाही आणि लिखाणही नाही, ते प्रबंधात घेता येणार नाही. परत घ्या. जुलैअखेर जमा करायचाय.

आठांत मोतनबाई आहे. शेवटचं प्रकरण तिच्यावर उभं आहे. फडात बाळंत झाली, तिसऱ्या दिवशी बाळ गेलं, पाचव्या दिवशी हातात कोयता. नवऱ्यालाही पूर्ण सांगितलं नव्हतं, ते तिने वै.ला सांगितलं होतं. त्या दिवशी वै. घरी येऊन जेवली नव्हती. तीच फाइल मला दिली होती, मागे पंख्याची घरघर फार आहे, ती कमी करा म्हणून. मी याच लॅपटॉपवर दोन तास हेडफोन लावून बसलो होतो. काल आठवायला बसलो, मोतनबाई काय बोलली. घरघर आठवते, तिचा एक शब्द आठवत नाही.

बुध., १४ मे

वै. माझ्याशी बोलते. भाजी काय आणायची, गॅस संपत आला, एवढं. भांडली असती तर बरं झालं असतं.

नवा लॅपटॉप घेऊ म्हटलं. "नको, हा आता छान चालतो," म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच तसं वाटतंय. मला मात्र उठून बाहेर जावं लागलं.

रवि., १८ मे. साक्री

तीन दिवस तिच्याबरोबर हिंडतोय. एस.टी., मग काळी-पिवळी, मग पायी. मीच म्हटलं, येतो, काय झालं ते मी सांगतो. सात जणी झाल्या. हसल्या, चहा दिला, पुन्हा बोलल्या. वै. म्हणते, मागच्या वेळचं नाही हे. मागच्या वेळी आठवत आठवत बोलत होत्या, आता पाठ झाल्यासारखं सांगतात. पण चालेल, म्हणते.

मोतनबाई उद्या.

सोम., १९ मे. साक्री, दुपारी

ओट्यावर मोहाची टोळं, तेलाच्या बिया, वाळत घातली होती. बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. मी सांगितलं. मशीन, डिस्क, चूक माझी, वै.ची नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं:

"म्हंजे मना आवाज आते कोठेच नई शे?"

नाही, म्हटलं. कुठेच नाही.

टोळं उलटीपालटी करत राहिली.

"बरं व्हयनं," म्हणाली.

मग वै.कडे वळून: "बाई, ते मी एकदाव सांगं. तुम्हले सांगं, हलकं वाटनं. आते मी सांगाव नई."

वै.ने रेकॉर्डर पिशवीतून काढलाच नव्हता. "नका सांगू," म्हणाली. मोतनबाईने निघताना टोळं बांधून दिली, ओटीत घातल्यासारखी.

परतीच्या गाडीत मला तिचं ते "बरं व्हयनं", बरं झालं, सारखं ऐकू येत होतं. ते स्वतःसाठी घ्यावंसं वाटलं, म्हणजे माझी सुटका. घेता येत नाही. ते तिचं आहे. मी फक्त बटण दाबलं होतं, धीर नव्हता म्हणून.

गुरु., २२ मे. पिंप्राळा

सकाळपासून वै. शेवटचं प्रकरण उघडून बसली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. नुसता मथळा.

म्हटलं, "वगळ ना हे प्रकरण. पंचवीस जणी आहेत."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मला तिचं सगळं पाठ आहे. एकूण एक शब्द. सर म्हणतात, पुरावा नाही. पण माझी अडचण ती नाहीये. तिने मला सांगितलं होतं, मशीनला नाही. मग लिहू की नको?"

लिही म्हणालो तर प्रबंध पुरा व्हावा म्हणून म्हणतो, नको म्हणालो तर माझी चूक झाकली जावी म्हणून. माझ्या तोंडचं कुठलंही उत्तर आता तिच्या कामाचं नाही. हे माझं मी केलंय.

संध्याकाळी पिशवी भरली. उद्या पहिल्या गाडीने परत साक्री. तिलाच विचारते, म्हणाली. मी शर्ट काढायला कपाट उघडलं.

"तुम्ही येऊ नका," म्हणाली.