दारातला मान

१८ मार्च
सुषमाला काल मुलगा झाला. फलटणला, ऑपरेशन करून. लेकीचं पहिलं बाळंतपण, आता सव्वा महिना माझ्याच घरी. नातू माझ्यावर गेलाय म्हणतात. जाऊ दे, कान तेवढे माझे नकोत. डावा तोफखान्यात गेला, उजवा अर्धा. यात्रेला परत डीजे येणार. गेल्या साली खिडकीची काच फुटली. औंदा घरात तान्हं पोर. पेपरात लिहायचंच.

२१ मार्च
लेख फोनवर सांगलीच्या प्राजक्ताला वाचून दाखवला. भावाची पोर, कॉलेजात मराठी शिकवते, म्हंजे तोंडाळ असणारच. म्हणाली, आप्पा, हा रिपोर्ट झाला. मत पहिल्या ओळीत सांगा. मुद्दा एकच धरा. स्वतःचा कान सांगा. शिव्या काढा. आणि समोरच्याचं जे खरं हाय ते आधी कबूल करा, मग तो पुढचं ऐकतो.
कबूल करायचं म्हंजे शरणागती का? रागच आला. जेवल्यावर पटलं.

२३ मार्च
कबुली घातली. यात्रेची मिरवणूक फौजीच्या म्हंजे आमच्या दारात थांबते, हार-नारळ होतो, मग पुढं. आज्याच्या वेळेपासून. लिहिलं : ‘या मानाला मी कधीच नाही म्हणणार नाही. पोरांनी मिरवणूक माझ्या दारात हवी तेवढी थांबवावी. फक्त डीजे नको, ढोल-लेझीम आणा.’
प्राजक्ता म्हणाली, झकास. छाती फुगली जरा.

२९ मार्च
छापून आला, फोटोसकट. साताऱ्याहून जुन्या युनिटवाल्यांचे फोन. लय पटलं म्हणाले. सगळे बहिरे, त्यांना पटायला काय जातंय.
गावात चिडीचूप. पारावर गेलो तर बाकड्यावरची पोरं उठून गेली.

१ एप्रिल
विक्रम आला. मंडळाचा अध्यक्ष, भावकीतलाच. चहाला नको म्हणाला. हळू बोलत होता, तेच खटकलं. माझ्या लेखातली दोनच वाक्यं कापून सगळ्यांच्या मोबाईलवर फिरवल्यात. डीजेचं वाक्य गायब.
“तुमीच लिवलंय, हवी तेवढी थांबवा. पोरांनी ठरवलंय, औंदा सगळी यात्रा तुमच्या दारात.”
घरात तान्हं हाय रं, म्हणालो.
“पेपरात द्यायच्या आधी एकदा पारावर बोलायचं हुतं की, आप्पा. आमी काय परकं हुतो व्हय?”
बोललो नव्हतो, खरंच. गावात राहून गावाला पेपरातनं सांगायला गेलो.

३ एप्रिल
पोलीस ठाण्यात फोन केला. गावात मिटवून घ्या म्हणाले.
सुषमाला पोरासकट साताऱ्याला मेव्हण्याकडं न्यावं म्हणालो, तर आमची ही आडवी. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं शीव ओलांडायची न्हाई, वर टाके अजून ओले. मी मत पहिल्या ओळीत सांगितलं. कान सांगितला. टाक्यांचं खरं हाय, हे कबूल केलं.
“कबूल हाय न्हवं? मग बसा गप.”
पेपरवाल्यांना पटलं, साताऱ्याला पटलं. घरात कोण इचारतंय.

५ एप्रिल
विक्रमकडं स्वतः गेलो. चुकलं माझं म्हणालो. ह्या वयात, पोराएवढ्या माणसापुढं.
तो बघेना माझ्याकडं. म्हणाला, “आता माझंबी ऐकत न्हाईत, आप्पा.”
खोटं बोलत नव्हता. भ्या वाटलं. फौजेत असं कधी वाटलं नव्हतं.

७ एप्रिल, यात्रा
सकाळीच ट्रॉली आणून दारात उभी केली. घरापेक्षा उंच भिंत स्पीकरची. गल्ली अडली, आता नेतो म्हटलं तरी गाडी निघायची न्हाई. ही देवापाशी बसली.
पोराला मधल्या खोलीत घेतलं. दारं लावून फटीत गोधड्या कोंबल्या. पोराच्या कानाला कापूस, वर कुंची.

संध्याकाळ
मगाशी टेस्टिंग केलं. एकदाच. मांडणीवरची भांडी खाली आली. माझ्या मेल्या कानात पण काहीतरी दुखलं. पोर दचकलं, दोन्ही हात पसरले, लय रडलं. मग एकदम थांबलं.
सुषमानं कापूस काढून कानाशी टाळी वाजवली. परत वाजवली. पापणी हलली न्हाई. ही म्हणती, दमून झोपलंय. असंल.
सुषमा माझ्याकडं बघतीय.
प्राजक्ताचे दोन फोन येऊन गेले, उचलले न्हाईत.
विक्रमचा निरोप आला. मिरवणूक देवळातनं निघाली, नारळ घेऊन दारात उभं राहा.