रक्तदाबाला दहा मार्कांची ग्रेस

तीर्थरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तितकंच वाकून, उरलेलं तुम्ही समजून घ्या).

पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे आता बरे आहेत. तुमच्या कंबरेला उतार पडला का? डोळ्यांतले थेंब वेळेवर घालता का, की बाटली अजून उशाशी तशीच? माझी तब्येत ठणठणीत आहे. साखर तर अशी गुणी झाली आहे की डॉक्टरीणबाईंनी मला शाबासकी दिली. हातात मोबाइल असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. पण घरात फोन एकच. मी तुमच्याशी बोलायला लागले की तुमचे बंधुराज समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतात आणि एकही पान उलटत नाहीत. संदेश पाठवावा, तर तुमचं उत्तर माझ्याआधी तेच वाचतात (आणि तुम्ही पाठवलेले कोमट पाण्याचे गुण मला मोठ्यांदा वाचून दाखवतात, तेही रोज). म्हणून हा कागद.

तर झालं असं. लेक सुट्टी संपवून परत जाताना दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र देऊन गेली आणि फोनमध्ये एक ॲप घालून गेली. रोज सकाळी जरा वेळ गप्प बसायचं (ह्यांचा निम्मा रक्तदाब इथेच वाढतो), पट्टा बांधायचा, येईल तो आकडा ॲपमध्ये भरायचा. तो तिकडे डॉक्टरीणबाईंना दिसतो. आकडा बरा असला तर पडद्यावर हिरवा गोल येतो आणि दोन हात टाळ्या वाजवतात. वाढलेला असला तर लाल गोल. वाईट काहीच नाही त्यात. पण ज्या माणसाने उभा जन्म शाळेत गणित शिकवलं आणि लाल पेनने गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासले, त्याला सकाळी सकाळी लाल गोल दाखवणं म्हणजे काय, हे ॲप बनवणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार?

ह्यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा. वर्गात दरारा असा की छपरावरची पाल जागच्या जागी थांबायची. पण वार्षिक परीक्षेत कुणाला नापास करायची वेळ आली की ह्यांचं लाल पेन पुढे सरकायचं नाही. "पायऱ्या बरोबर आहेत, उत्तर तेवढं चुकलंय," असं स्वतःशीच पुटपुटत इथे दोन मार्क, तिथे तीन, आणि तरी गाडं अडलं तर शेवटी ग्रेस. आमच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक मुलं अशी वरच्या वर्गात ढकलली गेली आहेत. त्यातला एक आता आमची वीज दुरुस्त करायला येतो आणि दिवे दोनदा घालवून जातो, ते जाऊ दे.

ॲप आल्यावर ह्यांचे गोल हिरवे येऊ लागले. रोज. मला कौतुक वाटलं. जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना थांबवून हे हिरवा गोल दाखवायचे आणि ते बिचारे चष्मा नसल्यामुळे "छान आहे नातू" म्हणायचे. डॉक्टरीणबाईही खूश. त्यांनी आकडे पाहिले आणि रक्तदाबाची गोळी अर्धी केली. त्या दिवशी हे घरात असे वावरत होते की जणू बोर्डात पहिले आलेत. गोळीचे दोन तुकडे करायला कंपासपेटी शोधली. मी म्हटलं, सुरीने करा. तर म्हणाले, अर्धी म्हणजे अर्धी, तिथे अंदाज चालत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, वन्सं. अंदाज चालत नाही म्हणे.)

मग परवा दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना हे मध्येच थांबले. हातात माझी साडी, एक टोक दोरीवर, आणि चेहरा पांढराफटक. म्हणाले, डोकं जड झालंय, दोरी हलतेय. दोरी हलत नव्हती. कसंबसं खाली आणून खुर्चीत बसवलं. मला भीती वाटली. तुमच्यापासून काय लपवू, पट्टा पहिल्यांदा मी त्यांच्या दंडाऐवजी खुर्चीच्या हाताला गुंडाळला. खुर्चीचा रक्तदाब काही आला नाही. दुसऱ्यांदा नीट बांधला. वरचा आकडा एकशे अडुसष्ट. आणि हे डोळे मिटल्या मिटल्या, अगदी क्षीण आवाजात काय म्हणाले असतील? म्हणाले, "त्यातून दहा वजा कर. ग्रेसचे."

तेव्हा सगळा उलगडा झाला. लाल गोल आला की ॲप म्हणतं, थोडं थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे भरा. ह्यांनी त्यातलं "पुन्हा मोजा" एवढंच घेतलं, आणि त्याची फेरपरीक्षा केली. पहिला आकडा बाद. दुसराही लाल दिसला तर तिसरी संधी. तरीही विद्यार्थी काठावरच राहिला तर दहाची ग्रेस देऊन पास. मी विचारलं, कुणाला फसवत होतात? तर म्हणाले, फसवणूक कसली, नियमात बसवूनच दिलेत. दहाच्या वर मी कधी कुणाला दिले नाहीत.

मग मी डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. आयुष्यात पहिल्यांदाच एकटीने. हिरवं बटण दाबलं, त्या दिसल्या, मी भडाभडा सगळं सांगितलं आणि त्या नुसत्या कानाला हात लावून दाखवत राहिल्या. माझा आवाजच बंद होता. तो सापडला, तेव्हा म्हणाल्या, "आजी, मला पंखा दिसतोय. पंखा चांगला आहे, पण आजोबा दाखवा." शेवटी आजोबा दाखवले. त्यांनी लगेच दवाखान्यात बोलावलं, छातीचा आलेख काढला, तासभर पडून राहायला लावलं. आलेख चांगला आहे, काळजी नको. ह्यांनी मग कबुली दिली, पण फेरपरीक्षेची पद्धतही समजावून सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आजोबा, ही परीक्षा तुमची नव्हतीच. माझ्या गोळीची होती. तुम्ही तिला पास करत राहिलात, म्हणून मी ती अर्धी केली."

वन्सं, ह्यांनी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "म्हणजे गोळी नापास?" "अर्धी गोळी नापास. आजपासून सबंध." घरी आल्यावर माझी साडी गच्चीवर जाऊन स्वतः सरळ करून आले. मी नको म्हटलं तरी गेले.

आता येत्या आठवड्याच्या खऱ्या आकड्यांवर पुढचं औषध ठरायचं आहे. बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि तुमच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांची आठवण.

तुमची भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. आज सकाळचा आकडा भरताना ह्यांचं बोट पुन्हा घुटमळलं. "उजव्या हाताने थोडा कमी येईल," म्हणाले. माझ्याच्याने हे निभणार नाही. ह्यांना धाक जगात एकट्या तुमचा. तर रोज सकाळी चहाच्या वेळी तुम्ही व्हिडिओ कॉल करा आणि पट्टा बांधल्यापासून आकडा भरेपर्यंत नुसत्या बघत बसा. मी सांगितलं म्हणून नका सांगू. आठवण आली म्हणा.

ता. क. २ (लाल पेनने). ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. पत्र वाचलं. मजकूर खरा आहे, पायऱ्याही बरोबर आहेत. मात्र एक मुद्दा गाळला आहे. हिला सुईची भीती वाटते. म्हणून तिची साखर मोजायला गेले काही दिवस बोट माझं टोचतो आहोत. माझी साखर उत्तम असल्यामुळे तिचीही उत्तम आहे. शाबासकी तिला मिळाली, पट्टी माझ्या बोटाला आहे.

ता. क. ३. हे खरं आहे. साखरेची गोळी माझीही चालू आहे आणि ती ह्यांच्या बोटावर ठरतेय, हे काल रात्रभर डोक्यात होतं. म्हणून आज मी माझं बोट पुढे केलं. सुई ह्यांनी टोचली, पण त्या वेळी डोळे दोघांनीही मिटले, आणि थेंब टेबलावर पडला. तेव्हा कॉल कराल तेव्हा दोघांनाही समोर बसवा, आणि डोळे उघडे ठेवायला सांगा. फक्त फोन चेहऱ्यासमोर धरा. मागच्या वेळी आम्ही अर्धा तास तुमच्या पंख्याशी बोललो.