पलंगाखालची दोन घरं

आई,

तू झोपली होतीस, आणि फोनवर सांगायला गेले तर आपण भांडू, म्हणून लिहून ठेवतेय. वरण-भात कुकरमध्ये आहे. रेवा दुपारी तेवढंच खाईल, मागे लागू नकोस.

तिच्या पलंगाखालचे बुटांचे दोन खोके आजपासून हलवू नकोस. ती अडगळ नाहीये. एक आपलं पूनम सागरचं घर, दुसरं जितेंद्रचं भाईंदरचं. कपड्यांच्या चिमट्यांना पेनाने डोळे काढून तिने माणसं केलीत. लाल मी, निळा तिचा बाबा. घटस्फोटाबद्दल तिला बोलता येत नाही, खेळताना मात्र सगळं बाहेर येतं. त्यासाठीच तर हिना मॅडमकडे समुपदेशनाला नेते मी तिला. आणि तू रोज केर काढताना निळा चिमटा उचलून आपल्या खोक्यात, लाल चिमट्याला चिकटवून ठेवतेस. का ठेवतेस ते कळतं मला. पण कोर्टात सह्या झाल्यात, आई.

संध्याकाळी जितेंद्र तिला न्यायला येईल. तिला खाली नेऊन सोड. त्याला चहाला वर बोलावू नकोस.

काल मॅडमनी तिला विचारलं, घरी काय खेळतेस? ती म्हणाली, "आजी बाबाला रोज आमच्या घरी आणते. मग शाळेतून आल्यावर मलाच त्याला परत सोडून यायला लागतं."

– शलाका