खोली घुमते

रविवार, ४ फेब्रुवारी

ही गेली सकाळी. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उठाबसायला माणूस लागतं. सुटकेस घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्या त्या स्टिरिओनं डोकं उठतं माझं, तो लागला की घरात मी एकटीच असते. भांडणाचा सूर नाही, काही नाही. येताना दूध आणा म्हणावं तसं!

पंचवीस वर्षांत ती एकदाही त्याच्यासमोर बसलेली नाही. आता ठरवलं – ती परत येईपर्यंत आवाज असा करायचा की आपणहून येऊन शेजारी बसेल, रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकेल. एवढंच हवंय मला. फार नाही मागत.

बुधवार, ७ फेब्रुवारी

ऑफिसात आज एकसष्ट तक्रारी. पाणी नाही, पाणी गढूळ, पाणी नको तिथं. कानाला हेडफोन, तोंडात 'नोंद घेतली'. एका बाईनं मध्येच विचारलं, तुम्ही ऐकताय ना? ऐकतोय म्हणालो. स्पीकरला किती वायर लागेल ते वहीच्या कोपऱ्यात मांडत होतो तेव्हा.

घरी येऊन ॲम्प्लिफायरच्या बटणांत स्प्रे मारला. खरखर गेली. मी मात्र पार गळून गेलोय.

रविवार, ११ फेब्रुवारी

ही आली होती तासभर. शिलाई मशीन आणि कापडांची गाठोडी घेऊन गेली – तिकडे वेळ जात नाही म्हणे. कोपऱ्यातला तो ढिगारा हलला हे बरंच झालं. डावा स्पीकर बिचारा इतकी वर्षं गाठोड्यांत तोंड खुपसून बसला होता! आता ऐसपैस.

चहा तिनंच केला. जाताना कप विसळून पालथे घातले, माझाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

गालिचा नेला. बहिणीच्या पायांना फरशी गार लागते. मीच गुंडाळून दिला, खाली गाडीपर्यंत पोचवला. आता फरशीवर खडूनं खुणा करता येतील! हे आधी का नाही सुचलं?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आवाज बिघडलाय. केलं काय मी?

रविवार, १८ फेब्रुवारी

स्पीकरपासून खुर्चीपर्यंतचं अंतर मोजत जमिनीवर पालथा पडलो होतो. ही आली. "पडदे काढू का?" म्हणाली. तिकडच्या खिडक्यांना पडदेच नाहीत म्हणे. काढ म्हणालो. स्टूल धरायला उठायला हवं होतं, पण मोजपट्टी हलली असती. स्टुलावर चढून एकटीनंच काढले. धडपडली नाही, नशीब.

पडदे गेल्यावर खोलीत उजेड फार येतो. डोळ्यांवर येतो.

बुधवार, २१ फेब्रुवारी

नवी जाड वायर टाकली. स्पीकरखाली लाकडी ठोकळे दिले. आणि आवाज आणखीनच वाईट! गाणाऱ्याचा 'स' कानात टोचतो. तबल्याची थाप भिंतीला लागून परत येते, मग दुसऱ्या भिंतीला लागून पुन्हा येते. पन्नाशी उलटलेल्या माणसानं रोज संध्याकाळी गुडघ्यांवर रांगायचं आणि पदरात हे पडायचं. वीट आलाय.

हिचा फोन आला. बहीण काठी घेऊन चालायला लागली. बरं झालं म्हणालो. मागे रेकॉर्ड लागलेली होती. "फार घुमतंय हो," ती म्हणाली. म्हटलं, तेच तर दुरुस्त करतोय! मग ठेवते म्हणाली.

रविवार, २५ फेब्रुवारी

तिची गादी, दोन्ही रजया, सोफ्यावरच्या गाद्या-उशा नेल्या. तिकडे भाचे राहायला येणारेत. माझी गादी ठेवली.

सोफ्याची नुसती फळी राहिली. लाकडावर बसून ऐकलं तर कदाचित नीट कळेल असं वाटलं. नाही कळलं.

शुक्रवार, १ मार्च

आज तिसऱ्यांदा ॲम्प्लिफायर उघडला. आत सगळं शहाण्यासारखं बसलेलं. हेडफोनमधून तक्रारी ऐकून कान किटलेत, कदाचित कानच गेले असतील माझे. स्टिरिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलंय. ते शनिवारशिवाय येत नाहीत, आणि उद्याचा शनिवार त्यांना जमत नाही.

रविवार, ३ मार्च

ही आली तेव्हा हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. ती आत कपाटातून काहीबाही काढत होती. "मी निघते हं," म्हणाली. हो म्हणालो. टाका पक्का होईपर्यंत हात हलवता येत नाही. मान वर केली तेव्हा दार लागलेलं होतं.

शनिवार, ९ मार्च

मिस्त्री आले. खुर्चीत बसून डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि स्टिरिओ बंद केला. खोलीच्या मधोमध उभे राहिले, एकच टाळी वाजवली. टाळी भिंतीभिंतीला लागून परत आली.

"यंत्र ठणठणीत आहे साहेब," म्हणाले. "खोली रिकामी झालीय. आवाज मुरायला मऊ काहीतरी लागतं – कापड, गाद्या. वहिनींचं सामान कुठं गेलं?"

बहिणीकडे, म्हणालो.

"सगळं?"

ते गेल्यावर तिचं कपाट उघडलं. नुसते हँगर. खालच्या खणात जुन्या वर्तमानपत्राची घडी, बस. मग घरभर फिरलो. तिची चप्पल नाही, चष्म्याचं घर नाही, न्हाणीघरात कंगवा नाही. लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. इतकी वर्षं माझा स्टिरिओ बरा वाजायचा तो तिच्या गाठोड्यांच्या जिवावर, आणि पाच आठवडे मी तिचं घरातून जाणं कानांनी ऐकत होतो. ऐकून काय केलं, तर वायर बदलली! संध्याकाळी स्टिरिओ लावला नाही. त्या फळीवर बसून राहिलो.

रविवार, १० मार्च

आज ती आली नाही. मीच फोन केला. म्हणालो, तू सगळंच नेलंस की. मला कळलंच नाही.

ती म्हणाली, "एका खेपेत मावलं असतं ते सगळं. मुद्दाम सहा खेपा घातल्या. एकदा तरी विचाराल म्हणून."