दाबून टाकलेल्या सूचना

प्रिय धाकटे,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकू नकोस. तब्येतीची विचारपूस नंतर. आधी कामाचं.

मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कार्यालयाने परत बोलावलं. नदीची पातळी मोजून पुराचा भोंगा वाजवणारा आपला प्रोग्रॅम नव्या लिनक्सच्या यंत्रावर बिल्ड होईना, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्रॅम तयारच होईना. आताच्या मुलांनी हात टेकले. म्हणे, बाई, हे तुमच्या जमान्यातलं, तुम्हीच बघा. बघितलं. आधी तर यंत्र तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने नवं यंत्र ओळखलंच नाही. खाष्ट सासूसारखी दारातच अडून बसली, तू कोण गं? ती बदलली. मग हेडरची एक फाइल सापडेना. ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये सुखाने नांदत होतं. तेही निस्तरलं. खोली तीच आहे. खिडकीजवळचं तुझं टेबलही तेच, कडेला तू पेनाने कोरलेल्या रेघांसकट. मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसले.

तिसऱ्या दिवशी बिल्ड एका ओळीवर थांबलं. फंक्शन आधी जाहीर न करता वापरलंय, म्हणून. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा जुना कंपायलर अशा ठिकाणी नुसती सूचना देऊन कुरकुरायचा. नवा पुढे पाऊलच टाकत नाही. ओळ माझी होती. वर तुझी टीप: ताई, मोठ्या यंत्रावर इथे मेमरीचा पत्ता अर्धा कापला जाईल, प्रोग्रॅम कोसळेल; वर फंक्शन जाहीर करणारी ओळ घाल. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, शेंडेफळाने मला शिकवू नये. सगळे हसले. तूही हसलीस.

मग बिल्ड कसं करायचं ते लिहिलेली मेकफाइल उघडली. त्यात कंपायलरच्या सगळ्या सूचना दाबून टाकणारा पर्याय, शेजारी तारीख आणि माझी आद्याक्षरं. तुझी कटकट ऐकायला नको म्हणून मीच तो टाकला होता. पंधरा दिवसांनी मोठी यंत्रं आली. भर दुपारी नदी चढली, प्रोग्रॅम कोसळला, भोंगा वाजला नाही, आणि पंपघराचा राखणदार डबा उघडून बसला होता तिथूनच वाहून गेला. टीप लिहिल्यामुळे नोंदीत फाइलवर शेवटचा हात तुझा, टीप कोणी वाचलीच नाही, म्हणून चौकशीत नाव तुझं.

मेकफाइल तू पाहिली होतीस. समितीपुढे तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, मला काही सांगायचं नाही. मी समोरचे कागद सारखे करत राहिले. दर सोमवारी अकराला भोंग्याची चाचणी होते, तेव्हा मी असेन तिथे उभी राहते. एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून उठले. ते म्हणाले, अहो, अजून हातही लावला नाही.

आताही एक पर्याय दिला असता, तर कंपायलरने ही चूक नुसत्या सूचनेवर सोडून दिली असती. मुलांनीच सुचवलं. बोटं कळफलकावर होती. दिला नाही. तू तेव्हा सांगितलेली ओळ घातली, तुझ्या नावाने नोंदवली, आणि बिल्ड पुरं झालं. जुनी मेकफाइल आणि माझा जबाब काल कार्यालयात दिला. एक प्रत राखणदाराच्या बायकोला स्वतः नेऊन दिली. तिने दार लावलं नाही, आत या म्हणालीही नाही. आठवड्याभरात तुला कार्यालयातून फोन येईल. विचारतील, मेकफाइल पाहिली होती का. धाकटे, तेव्हा तू मला वाचवलंस. या वेळी माझी गय करू नकोस.

तुझीच,
ताई