दादाचा डोळा आणि सहा पिंजरे

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझी कंबर, तुझ्या यजमानांची साखर आणि दादाचा ऑपरेशन झालेला डोळा, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. माझी चौकशी करू नकोस, उत्तर झेपणार नाही. (फोनच केला असता, पण तुझा फोन सदा स्पीकरवर, आणि दादा शेजारच्याच खाटेवर.)

निवृत्तीचा सगळा फंड दादानं तलावात सोडला, तेव्हाच मी बोलले होते. तरंगत्या पिपांना बांधलेले सहा जाळीदार पिंजरे, आत तिलापिया. "सहा महिन्यांत अर्ध्या किलोचा मासा, फायदाच फायदा!" म्हणे. विक्रीला तीन आठवडे उरले आणि याचा मोतीबिंदू पिकला. "तेवढे दिवस बघशील ना?" मी म्हटलं, चौतीस वर्षं वर्ग सांभाळले, तुझे मासे निदान उलट उत्तर तरी देत नाहीत.

पहिले चार दिवस बरे गेले. मी पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या फळीवर आले की मासे पाणी उडवत वर यायचे. (माझ्या कुठल्याही वर्गानं माझं असं स्वागत केलं नव्हतं.) मग आभाळ भरून आलं ते तीन दिवस हटेना, आणि चौथ्या सकाळी पाच पिंजरे पांढरे, सगळे मासे पोट वर करून. तलावावरचा राखणदार शिव्या देता तर बरं झालं असतं. तो नुसता टोपी काढून उभा राहिला. दोन दिवस आम्ही दोघं खड्डे खणत होतो. हाताचा वास अजून जात नाही.

दोष कुणाचा? आभाळाचा. आजारी पिल्लं विकणाऱ्याचा. गाळानं भरलेल्या तलावाचा. आणि मुख्य म्हणजे बहिणीवर पिंजरे टाकून गेलेल्या दादाचा!

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र दादाला वाचून दाखवू नकोस. त्याच्यासाठी सोबत दुसरं लिहिलंय, त्यात मासे धष्टपुष्ट आहेत. पट्टी सुटली तरी त्याला महिनाभर ठेवून घे. काहीही कारण सांग.

ता. क. २. राखणदार म्हणाला होता, "बाई, ढगाळ हवेत मासा खात नाही, आज खाद्य घालू नका." मी म्हटलं, भूक काय आभाळाला विचारून लागते? आपल्या मिशनच्या शाळेत सिस्टर ताट लख्ख झाल्याशिवाय बाकावरून उठू देत नसत, आठवतं? उकडलेला कोबी रडत गिळला, म्हणून आपण माणसांत आलो. मासे खाईनात, तशी मी छत्री धरून दुप्पट खाद्य घातलं. ते तळाला कुजलं आणि पाण्यातली हवाच संपली. हे कुणालाही सांगू नकोस.

ता. क. ३. सहावा पिंजरा जगला. तिथवरची फळी हलते, त्यात पावसानं निसरडी झालेली, माझ्या गुडघ्यांना जमेना, म्हणून त्याला तीन दिवस काहीच घातलं नव्हतं. दादाला एवढं सांग, की एक पिंजरा उत्तम आहे. का, ते सांगू नकोस.