चाळीसाव्या खोलीतले दोन ठिपके

लिहून ठेवणार ग्लेन रसेल पिंचबेक, वय सत्तावन्न, धंदा पूर्वी संगणकाचे खेळ लिहिणे, नंतर टीव्ही-रेडिओ दुरुस्ती, राहणार क्लीथॉर्प्स, लिंकनशायर. गाठ माझ्या स्वादुपिंडात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचे सर्व मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी नाही.

१. सन १९९८ मध्ये दुकानातल्या छापील फॉर्मवर मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द. त्यात तीन चुका होत्या, पैकी दोन फॉर्मच्या.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील मिस ब्रॉकलबँक यांनी करावी. पहिला मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मिस्टर पिंचबेक, मृत्युपत्रात खेळांची समीक्षा नसते हो."

"या मृत्युपत्रात असेल."

"न्यायालयात सिद्ध झालं की कोणीही याची प्रत मागवू शकतं, माहितीय ना? सगळं गाव वाचेल."

माहीत होते. म्हणूनच ते पत्रात न लिहिता इथे लिहीत आहे. पत्र कोणीही चुलीत घालू शकते.

३. राहते घर व त्यातील सामान माझी बहीण लोर्ना हिला. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे डावे बटण आधी आत दाबून मग फिरवावे. गेली अकरा वर्षे लोर्ना ते नुसतेच फिरवते आणि शेगडी बिघडली म्हणते. शेगडी बिघडलेली नाही.

४. माझा कॅसेट रेकॉर्डर, रबरी कळांचा संगणक आणि बारीक पेचकस जुन्या संगणकांचे संग्रहालय चालवणाऱ्या मंडळींना. आमचे खेळ टेपवर असत. टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू केसभर जरी हलला तरी खेळ संगणकावर चढत नाही. हा स्क्रू मी १९८४ साली कानाने जुळवला आहे. त्याला हात लावू नये. उत्साही माणसांनी तर मुळीच लावू नये.

५. यंत्रभाषा शिकवणारे एक पुस्तक मी १९८२ साली ग्रिम्सबीच्या सार्वजनिक वाचनालयातून आणले. ते परत करावे. मला कोणी शिकवले नाही, कॉलेजची पायरी मी चढलो नाही. जे आले ते या एका पुस्तकातून. त्यात सात ठिकाणी छपाईच्या चुका आहेत. त्या मी पेन्सिलने दुरुस्त केल्या आहेत. खोडू नयेत.

६. आता खेळ.

सन १९८३ ते १९८६ या काळात फ्रीमन स्ट्रीटवर, लोकरीच्या दुकानाच्या माडीवर, 'नॉर्थ वॉल' नावाची आमची संस्था होती. संस्था म्हणजे मी आणि एड्रियन सॉल्टर. मी प्रोग्राम लिहायचो. एड्रियन चौकटीच्या कागदावर खोल्या आखायचा. एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. त्याचे वडील गोदीवर जाळी विणायचे. मोजमाप त्याच्या रक्तात होते. खेळाडूची उडी किती ठिपके उंच जाते हे मी त्याला सांगायचो आणि तो त्या हिशोबाने फळ्या, शिड्या, कठडे मांडायचा.

जुने खेळ पेटीत घालून पुन्हा विकणाऱ्या एका कंपनीतून या वसंतात एका तरुणाचा फोन आला. आवाज गोड होता. म्हणाला, "सर, प्रामाणिकपणे सांगा, तुमचे खेळ आज टिकतात का?" मी म्हटले, बघून सांगतो. तीन आठवडे बघितले. उत्तर असे.

'गल पॅनिक', १९८३. टिकत नाही. तेव्हाही टिकत नव्हता. समुद्रपक्षी तुमचे चिप्स पळवतात, तुम्ही त्यांना हाकलता. चौथ्या मिनिटाला आपणच पक्ष्यांच्या बाजूने होतो.

'डॉग वॉच', १९८४. वीस मिनिटे टिकतो. पहाऱ्याच्या दिव्याचा झोत फिरतो तेव्हा पडद्यावर एकही ठिपका थरथरत नाही. ते कसे साधले हे आजही फारशा लोकांना सांगता येणार नाही. बाकी खेळ कंटाळवाणा आहे.

'ब्लॅक फ्रॉस्ट', १९८५. याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. पुढची तीन कलमे त्यासाठीच आहेत.

७. हिवाळ्यात आइसलँडकडे गेलेल्या मासेमारी जहाजावर समुद्राचे तुषार गोठत जातात. दोरांवर, डोलकाठीवर बर्फ चढतो, वजन वाढते आणि जहाज एका कुशीवर उलटते. एड्रियनचे थोरले काका तसे गेले. खेळात एक खलाशी बर्फ फोडत त्या जहाजाच्या चाळीस खोल्यांमधून वर चढतो. चाळीसाव्या खोलीत घंटा आहे. ती वाजली की जहाज घराकडे वळते.

एका मासिकाने बक्षीस लावले: जो पहिल्यांदा घंटा वाजवून पडद्याचा फोटो पाठवेल त्याला मोडीत निघालेल्या खऱ्या ट्रॉलरची पितळी घंटा. हजारो मुले बसली. एकाचाही फोटो आला नाही. मग पत्रे येऊ लागली. शेवटच्या फळीवरून घेतलेली उडी घंटेच्या कठड्याला दोन ठिपके कमी पडते. प्रत्येकाची, प्रत्येक वेळी. मासिकाने लिहिले, "ज्याने ही खोली आखली त्याच्या हाती कोणीतरी फूटपट्टी द्यावी."

एड्रियन कागद घेऊन माझ्यासमोर बसला.

"मी तीनदा मोजलंय, गड्या."

"मग चौथ्यांदा मोज."

"अरे, गुरुवारी मी स्वतः घंटा वाजवली होती! तू खाली चहा आणायला गेला होतास. मी ओरडलो पण होतो वरून."

"त्यानंतर तू घंटेला चकाकी दिलीस ना? तेव्हा कठडा वर सरकला असेल."

त्याने खरोखरच घंटेला चकाकी दिली होती. कागदाकडे बघत म्हणाला, "असेल बाबा. माझ्याच हातून झालं असेल."

त्यानंतर एका वर्षाने संस्था बंद पडली. एड्रियन मासळी गोठवण्याच्या कारखान्यात मालगाडा चालवायला लागला. ~~त्याने पुन्हा चौकटीच्या कागदावर पेन्सिल धरली नाही.~~

८. खरे काय घडले ते मी शपथेवर लिहितो.

त्या गुरुवारी एड्रियनने घंटा वाजवली तेव्हा खेळ निर्दोष होता. टेप शनिवारी सकाळी प्रती काढायला जायची होती. शुक्रवारी दुपारी मी एकटा होतो. संगणकाच्या स्मृतीत एका अक्षराचीही जागा उरली नव्हती. सुरुवातीच्या पडद्यावर नावे होती: नकाशे, ए. सॉल्टर. प्रोग्राम, जी. पिंचबेक. एड्रियनला 'ए.' पुरला होता. मला 'ग्लेन' हवे होते. इंग्रजीत 'जी' आणि टिंब मिळून दोन अक्षरे होतात, 'ग्लेन'ची चार. दोन अक्षरांची जागा कमी पडत होती.

उडीचे माप मी आकड्यांच्या एका रांगेत ठेवले होते. कोणत्या क्षणी खलाशी किती ठिपके वर जातो, ते. एका आकड्याला एका अक्षराएवढीच जागा लागते. रांगेतले शेवटचे दोन आकडे एक आणि एक असे होते. मी ते काढून टाकले. पहिल्या तीन खोल्या खेळून बघितल्या. काही फरक दिसला नाही. एकोणचाळीस खोल्यांत एड्रियनने सैल जागा ठेवली होती. चाळीसावी त्याने तंतोतंत आखली होती, कारण शेवटची उडी पूर्ण उडी असावी असा त्याचा हट्ट होता. ती मी खेळून बघितली नाही.

म्हणजे माझ्या नावाची दोन अक्षरे घंटेच्या आड आली. सदतीस वर्षांत एकाही खेळाडूने ते जहाज घरी आणले नाही, याला कारण मी.

मासिकाचा तो फूटपट्टीचा अंक आल्यानंतरच्या रविवारी, जेवणानंतर, मी आकड्यांची रांग उघडून पाहिली आणि मला कळले. माझ्या हातात टेलिफोन होता. मी तो जागेवर ठेवला. सोमवारी सांगू म्हटले. अशा पुष्कळ सोमवारांनंतर, सन २०१४ मध्ये, एड्रियन शेवटच्या आजारात असताना मी त्याला भेटायला गेलो. सांगायचे ठरवूनच गेलो होतो. तो उशीला टेकून बसला होता. जेनिस, त्याची बायको, पेला विसळत होती.

"खेळतोस का रे अजून आपले खेळ?" त्याने विचारले.

"कधीमधी."

"मला ती चाळीसावी खोली अजून सोडत नाही बघ. झोपेत मोजत असतो. ही हसते मला."

"हसत नाही, वैतागते," जेनिस म्हणाली. "आकडे बडबडतो रात्रभर."

तेवढी एक वेळ होती. मी म्हणालो, "सोड रे ते आता."

तो म्हणाला, "हो. सोडायलाच पाहिजे." नवव्या दिवशी तो गेला. चर्चच्या दारात जेनिसने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू त्याला कधी दोष दिला नाहीस, ग्लेन. ते त्याला फार होतं." मी मान हलवली.

९. तर उत्तर. गेल्या महिन्यात मी माझे नाव काढले आणि ते दोन आकडे रांगेत परत ठेवले. काम चार मिनिटांचे. मग सुरुवातीपासून खेळलो. माझी बोटे आता सुजतात. चाळीसाव्या खोलीत पोहोचायला सहा दिवस लागले. शेवटच्या फळीवरून उडी घेतली. खलाशाचे पाय कठड्यावर टेकले. ना वर, ना खाली, बरोबर रेषेवर. ती खोली मी यापूर्वी कधी खेळलोच नव्हतो. चढताना ती आपल्याला तीन वेळा खाली नेते, दर वेळी घंटा दिसते आणि दूर जाते, आणि शेवटची उडी घेताना आपला श्वास आपोआप थांबतो. या धंद्यात इतकी नेमकी आखलेली दुसरी खोली मी पाहिलेली नाही, आणि मी बहुतेक सगळ्या पाहिल्या आहेत. 'ब्लॅक फ्रॉस्ट' टिकतो. पहिल्या दिवसापासून टिकत होता.

माझे सर्व खेळ, त्यांचे हक्क, टेपा आणि मासिकाने कोणी न जिंकल्यामुळे आमच्याकडे परत पाठवलेली ती पितळी घंटा, हे सर्व मी श्रीमती जेनिस सॉल्टर यांना देतो. 'ब्लॅक फ्रॉस्ट' पुन्हा निघाला तर दुरुस्त केलेलाच निघावा. कंपनीला "जसा होता तसा" हवा आहे. गुरुवारी होता तसा द्यावा. सुरुवातीच्या पडद्यावर एड्रियन सॉल्टर एवढेच नाव असावे, आणि पेटीत कलम ८ अक्षरशः छापलेले असावे. एक शब्दही सौम्य करू नये.

१०. (सहीच्या आधी, वकिलांच्या कचेरीत, हाताने वाढवलेले.)

कलम ८ वाचून मिस ब्रॉकलबँक म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईंना हे तुम्ही गेल्यावर टपालाने कळायचं?" म्हणून आज जेनिसला बोलावून घेतले. तिने टेबलापाशी बसून सगळे वाचले. कोट काढला नाही. मग म्हणाली, "साक्षीदार कोण आहेत?"

मिस ब्रॉकलबँक म्हणाल्या, कचेरीतले डेस्मंड फ्रॉगट आणि खालच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई, येतीलच.

"त्या बाईंना नका बोलावू. मी सही करते."

"तुम्हाला करता येणार नाही, मिसेस सॉल्टर. म्हणजे येईल, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर कायद्याने त्याचं मिळणं रद्द होतं. सगळंच."

"माहितीय मला. सासूबाईंच्या वेळी शिकलेय ते. म्हणून तर पेन मागतेय."

मी म्हणालो, "जेनिस, हे त्याचं आहे. माझं नाही."

"मग तुझ्या हातून कशाला घेऊ?" ती म्हणाली. "खेळ फुकट सोडून दे. ज्याला खेळायचाय तो खेळेल. केरीला तिच्या बापाला मोजता येत होतं एवढं कळलं की बास. ते मी सांगेन. तू नको येऊस सांगायला."

त्याप्रमाणे लिहितो: जेनिस सॉल्टर यांना दिलेले सर्व रद्द झाल्यावर खेळांचे हक्क कोणाचेही राहू नयेत, कलम ९ मधील अटींसह ते सर्वांना खुले असावेत. घंटा एड्रियनची मुलगी केरी हिला, तिला हवी असल्यास.

एवढे लिहून मी जेनिसला वाचून दाखवले. ती म्हणाली, "एक चूक आहे."

"कुठे?"

"कलम सातमध्ये. 'पुन्हा पेन्सिल धरली नाही' म्हणतोस. धरायचा. दर हिवाळ्यात ती खोली नव्याने काढायचा, पहिल्या रेघेपासून. अठ्ठावीस कागद आहेत कपाटात. तो गेल्यावर मी एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. सगळ्या रेघा एकमेकींवर बसतात. मला वाटायचं, एवढा हट्टी माणूस, तीच चूक अठ्ठावीस वेळा करतो."

मी ते कागद बघायला मागितले.

"नाही," जेनिस म्हणाली.

कलम ७ मधील ते वाक्य चुकीचे असल्याने खोडले आहे आणि समासात सही केली आहे. यात आणखी बदल नाही.

लिहून ठेवणाराची सही: ग्लेन रसेल पिंचबेक

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष आम्ही केली:

डेस्मंड फ्रॉगट, कारकून, ग्रिम्सबी

जेनिस सॉल्टर, एड्रियन सॉल्टर यांची पत्नी, ग्रिम्सबी

ठिकाण: ग्रिम्सबी
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२२, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे